रामटेकेभाऊंची हाळी

आमच्या नर्सिंग होममध्ये कुणी खाली वाकलं, की रामटेकेभाऊ ओरडायचे. फरशी पुसायला मंदा वाकली, की एक टाळी आणि "होऽऽ हो!" डॉक्टर कुणाच्या पायाची सूज बघायला वाकले, की "होऽऽ हो!" इंजेक्शनला ओरडणारे पेशंट मी बावीस वर्षं पाहते आहे. दुसऱ्याच्या वाकण्याला ओरडणारा हा पहिलाच.

"वाकला माणूस वाघाले जनावर दिसते, बाई," त्यांनी मला समजावलं. "कोनीतरी आवाज देल्ला पाह्यजे."

"भाऊ, इथं सावली गावच्या भर बाजारात वाघ कुठून येणार?"

"मंग तो का विचारून येते?"

भाऊ सत्तरीचे. बांधावरून पडून खुब्याचं हाड मोडलेलं. हृदय अशक्त, म्हणून ऑपरेशन नाही. पायाला दोरी, दोरीला विटा लटकवून सहा आठवडे पडून राहायचं. अशा स्थितीतही वॉर्डाची सगळी जबाबदारी आपल्यावर आहे असा त्यांचा समज होता. कुणी घाबरलं, कुणी कण्हलं, की पलंगावरून आवाज यायचा, "मी आहो."

दोन आठवडे बरे गेले. मग चैत लागला, मोहफुलं पडायला लागली आणि भाऊंनी सुटीचा धोशा लावला. "कागद आना. सही करतो आन् जातो." डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्याकडून आम्ही सही घेतो, तो कागद. भाऊंनी तो चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला आणि म्हणाले, "बराबर लिवला आहे."

मोहाचं नाव निघाल्याबरोबर डॉक्टरांना वाटलं, याला दारूची तलफ आली. त्यांनी लिव्हरवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. मीही मान डोलावली. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, मी चायबी पेत नाई," ते म्हणाले.

खरं कारण त्यांच्या बायकोचं होतं. त्यांच्या गावात मोहाची झाडं घरोघरी वाटलेली आहेत. पहाटे जो तो आपल्या झाडाखाली जातो. पार्बताबाई वाकून फुलं वेचायच्या आणि भाऊ पाठीशी उभे राहून हाळ्या द्यायचे. चाळीस वर्षं हाच रिवाज. यंदा हाळी देणारा आमच्याकडे विटांना बांधलेला. भेटायला आल्यावर बाई म्हणाल्या, "मी नाई जात जंगलात." पण त्यांच्या लुगड्याला मोहाचा वास होता. त्या गेल्यावर भाऊंनी दोरीची गाठ सोडायला घेतली.

मी धावले. आत्ता उठलात तर पाय कायमचा आखूड होईल, म्हणून बजावलं. "होऊ द्या," ते म्हणाले. "थे एकटी वाकून राह्यली तिथं." शहाण्यासुरत्या माणसाला बांधून ठेवता येत नाही, कायदाही तेच सांगतो. तेवढ्यात मला त्यांच्या उशाचा फोन दिसला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला पार्बताबाईंचा फोन येऊ लागला. त्या म्हणे स्पीकर लावून फोन कमरेला खोचायच्या, आणि इकडे भाऊ आठवडाभर तांबडं फुटल्यापासून "होऽऽ हो!" करत राहिले. पेशंट वैतागले. बाजूच्या खाटेवरचे मास्तर घरी जायचा कागद मागू लागले. पण भाऊंनी दोरीला हात लावला नाही.

बाजाराच्या दिवशी बाई आल्या आणि मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टरबाई, मी फोनाच्या पह्यल्या दिवसापासून गेलोच नाई. भेव लागते. दारात बसून फोन लावतो. नाई जात म्हटलं त त्याले पटत नाई, तो इथून पळून येईन. सांगू नोका."

मी कबूल केलं. पण भाऊंचा घसा पार बसला होता. गुळण्या देता देता मला राहवलं नाही. "भाऊ, जरा कमी ओरडा. तिकडे तसं काही भिण्यासारखं नसेल."

"मले मालूम आहे," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "फोनात हापशी वाजते. मोहाखाली हापशी कोन गाडली?"

मी खजील झाले. "मग कशाला घसा फाडता?"

त्यांनी गुळणी टाकली, तोंड पुसलं.

"घरीबी एकटीच आहे नं थे."