खाली चाललीये, थांबत नाहीये

"आज मला तुमचा एक फोन जरी आला ना बाबा, तर तुमचं नाव काढून टाकेन," बुटाची नाडी बांधता बांधता मुलगी म्हणाली.

मिस्त्रींच्या हातातला डबा हातातच राहिला. मुलीला शाळेत असल्यापासून टाइप वन मधुमेह. दंडावर शर्टाच्या बटणाहून थोडा मोठा सेन्सर, चिकटपट्टीने बसवलेला, दर दोन आठवड्यांनी बदलायचा. तो साखरेचा आकडा तिच्या फोनला कळवायचा आणि तिचा फोन तो मिस्त्रींच्या फोनला. आकड्याशेजारी एक बाण असायचा. बाण आडवा असला की मिस्त्री जेवायचे, वर वळला की जेवता जेवता उठायचे आणि खाली वळला की फोन लावायचे. कॉलेजात वर्ग चालू असताना त्यांनी फोन लावले होते, मैत्रिणीच्या लग्नात लावले होते, एकदा तर ती शेजारच्या खोलीत असताना लावला होता. आता ती म्हणत होती, की आकडा बघणाऱ्यांच्या यादीतून बापाचं नावच उडवून टाकते.

"नाही करणार. शब्द."

"मेसेजसुद्धा नाही."

"नाही."

"मिस कॉल नाही. आणि आईकडून करवायचा नाही."

एवढी एकच वाट मिस्त्रींनी मनात राखून ठेवली होती, तीही बुजली. "बरं, पण इंटरव्ह्यू आहे कुठे?"

"लांब आहे," म्हणत ती बाहेर पडली सुद्धा.

सेन्सर यायच्या आधी पोरीच्या बोटांची टोचून टोचून चाळण झाली होती, आणि टोचणारे हात मिस्त्रींचे होते. त्या आकड्यावर आपला हक्क आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. तो दिसणं बंद होणार ही नुसती कल्पनाही त्यांना सोसेना. ती कल्पना घेऊनच ते कामावर गेले.

मिस्त्री एका उंच इमारतीत लिफ्ट सांभाळायचे. लिफ्टच्या माणसाला बोलताना वाक्यात कर्ता लागत नाही. "अडकली", "निघाली", "वर गेली" एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं. मिस्त्रींना तीच सवय घरातही होती. एकदा त्यांनी फोनवर मेहुणीला "वर गेली गं, दोन बाण, सरळ वर" असं सांगितलं आणि मेहुणी रडत रडत घरी येऊन पोहोचली. तेव्हापासून बायको कानीकपाळी ओरडायची, "अहो, आधी साखर म्हणा! नुसतं वर गेली काय, खाली गेली काय!" पण जित्याची खोड, ती अशी सांगून थोडीच जाते.

इमारतीत दोन लिफ्ट होत्या. त्या दिवशी एक नंबरला ग्रीस द्यायचं होतं. खाली तिच्या दारापाशी 'बंद आहे' अशी पाटी लावून मिस्त्री गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. पाटीमुळे झालं असं, की येणारी सगळी माणसं दोन नंबरमध्ये कोंबली जाऊ लागली.

मिस्त्रींनी फोन पॅनेलला टेकवून उभा केला आणि एक नंबर बंद करायला मेन स्विचला हात घातला. त्याच क्षणी फोन वाजला. आकडा वर, बाण वर. 'घाबरलीये पोरगी, घाबरली की चढते,' असं स्वतःशी म्हणत त्यांनी फोनकडे बघत बघत स्विच खाली ओढला आणि ग्रीसचा डबा उघडला.

दोन नंबरची घंटा ठणाणा वाजू लागली.

"आता हिला काय धाड भरली!" मिस्त्रींनी इंटरकॉमचं बटण दाबून विचारलं, "कोण आहे आत? घाबरू नका!" मग नखाने बटण वर काढलं. नखाने अशासाठी, की ते बटण एकदा दाबलं की आतच बसायचं, आणि आत बसलं की इकडचं बोलणं तिकडे जायचं पण तिकडचं इकडे यायचं नाही. 'उद्या बघू' असं मिस्त्री त्या बटणाला बरेच दिवस म्हणत आले होते.

"अहो मिस्त्री, अडकलोय आम्ही! डब्यात भरल्यासारखे उभे आहोत!" पाचव्या मजल्यावरचे वकील गरजले. वकिलांचा आवाज आणि देह दोन्ही प्रशस्त. त्यांच्या मागून आणखी चार-पाच जण एकदम बोलत होते.

मिस्त्रींनी पुन्हा बटण दाबलं. "काही होत नाही! दोन मिनिटांत काढतो!"

या वेळी मात्र नख लावायचं राहिलं, कारण फोन परत वाजला. आकडा झरझर उतरला होता आणि बाण खाली वळला होता.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली नाही, उलट मस्तकातलं सगळं रक्त तळपायात गेलं. हात मुलीच्या नावावर गेला, थांबला. शब्द दिला होता. आत माणसं अडकलेली, बाहेर शब्द अडकलेला. त्यांनी फ्यूज तपासायला एक झाकण उघडलं, फोन बघितला, झाकण लावलं, पुन्हा तेच उघडलं. शेवटी न राहवून बायकोला फोन लावला.

बायको घरी शिवणकाम करायची. कुणाच्या तरी ब्लाउजचं माप चालू होतं आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

"अगं, खाली चाललीये!"

"हं?"

"खाली गं! आत्ता वर होती, आता सरळ खाली. थांबत नाहीये!"

"थांबेल. इतकं काय," टाचण्यांतून आवाज आला.

"थांबेल काय थांबेल! आज शेवटचाच दिवस आहे, विसरलीस? उद्या बदलायचंय सगळं. आणि ती चिकटपट्टी! सकाळीच बघितली मी, एका बाजूने सुटली होती. म्हटलं दाबून बसवतो, तर म्हणे राहू दे, एक दिवस निघेल. नुसती चिकटपट्टीवर आहे गं!"

"फोन करायचा नाही हं. कबूल केलंय तुम्ही."

"मग काय करू? मी इथे वर, ती तिथे एकटी. हात बांधलेत माझे. आता तिचं तीच काय ते बघेल!"

हे सगळं बोलणं दोन नंबरच्या लिफ्टमध्ये, अंधूक दिव्याखाली, स्वच्छ ऐकू येत होतं.

मिस्त्रींना याचा पत्ता नव्हता. फोन वाजला. भलताच नंबर. "आत्ता नाही!" म्हणून त्यांनी कापला. पुन्हा तोच नंबर, पुन्हा कापला. पोरीचा फोन आला तर लाइन मोकळी हवी होती. आता आकडा आणखी खाली. आणि मग आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. संपर्क तुटला.

"गेली!" मिस्त्री ओरडले. "दिसतच नाही! गेली, गेली!"

गच्चीच्या कठड्यापलीकडून भोंगा ऐकू आला. मिस्त्रींनी डोकावून बघितलं. खाली रस्त्यावर अग्निशमन दलाची गाडी उभी होती, आणि इमारतीतून माणसं मुंग्यांसारखी बाहेर येत होती. कुठे आग लागली की काय, असं त्यांच्या मनात येतंय तोवर इमारतीचे मॅनेजर जिना चढून दारात आले. त्यांना आधी श्वास घ्यायचा होता आणि आधी बोलायचंही होतं.

"मिस्त्री... पडतेय म्हणे!"

"काय पडतंय?"

"लिफ्ट! चिकटपट्टीवर आहे म्हणे! वकिलांनी फायर ब्रिगेडला कळवलं. मृत्युपत्र सांगायला लागलेत ते फोनवर!"

"कुणी सांगितलं पडतेय म्हणून?"

"तुम्ही!"

"मी?"

तिसऱ्यांदा तोच भलता नंबर वाजला. या वेळी मिस्त्रींनी वैतागून उचलला. "अहो, कोण आहे हो?"

"बाबा," पलीकडून अगदी शांत आवाज आला, "इंटरकॉमचं बटण सोडा."

मिस्त्रींनी पॅनेलकडे बघितलं. बटण आत बसलेलं होतं.

"तू... तू लिफ्टमध्ये?" नखाने बटण काढता काढता त्यांनी विचारलं. आणि ताबडतोब, "साखर किती?"

"चांगली आहे. बोटाला टोचून बघितली आत्ता. माझ्या फोनला इथे धड रेंज नाही, आता तर पूर्णच गेली. हा वकीलकाकांचा फोन आहे. तुमचा आवाज ऐकला आणि आता तुम्हीच दार उघडायला याल म्हणून मी कोपऱ्यात तोंड फिरवून उभी राहिले. तुमच्याच इमारतीत इंटरव्ह्यू आहे हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. त्यात वकीलकाका मागे रेलले आणि दंड भिंतीला दाबला गेला. सेन्सर दाबला की खोटाच आकडा दाखवतो, माहितेय ना तुम्हाला?"

मिस्त्रींना माहीत होतं. फोन आला की नेमकं तेवढंच आठवत नसे.

आता इंटरकॉमवर लिफ्टच बोलू लागली. "म्हणजे लिफ्ट पडत नाहीये?" एक बाई विचारत होती. "नाही हो, मघापासून सांगतेय ना ही," दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, "हिची साखर खाली चाललीये, आपण नाही. बाण खालचा असला की कमी होते. चिकटपट्टी सेन्सरची आहे." ज्या गोष्टीचा बाहेर गाजावाजा नको म्हणून पोरगी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आली होती, ती गोष्ट तिला सगळ्या लिफ्टला बाही वर करून समजावून सांगावी लागली होती. "मिस्त्री," वकिलांचा आवाज आला, आता बराच मऊ, "मला घेरी आली होती. तुमच्या मुलीने ग्लुकोजच्या गोळ्या दिल्या. मुलगी मोठी गुणाची आहे. आम्हाला काढता का आता?"

मिस्त्री पॅनेलकडे वळले आणि जागच्या जागी थिजले. एक नंबरचा स्विच वर होता. दोन नंबरचा खाली होता. मघाशी फोनकडे बघत बघत त्यांनीच ओढलेला.

त्यांनी गुपचूप स्विच वर केला. घरघर सुरू झाली.

"काय बिघडलं होतं हो?" मॅनेजरांनी कपाळ पुसत विचारलं.

"होतं असं कधी कधी," मिस्त्री पुटपुटले.

"वा! तुम्ही होता म्हणून बरं!"

मिस्त्री जिन्याने खाली आले तेव्हा सगळी इमारत रस्त्यावर होती. नवव्या मजल्यावरच्या ज्या बाई इंटरव्ह्यू घेणार होत्या त्याही नऊ मजले उतरून आल्या होत्या, आणि परत चढायची किंवा लिफ्टमध्ये पाय ठेवायची त्यांची छाती होत नव्हती. त्यांनी इमारतीच्या पायरीवरच बसकण मारून मुलीचा इंटरव्ह्यू घेतला. मिस्त्री दूर एका खांबाआड उभे राहून नुसत्या ओठांच्या हालचाली बघत होते. या एका दिवसात आपण पोरीचं किती वाटोळं केलं याचा हिशोब त्यांना लागेना. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

बऱ्याच वेळाने ती खांबापाशी आली. "सोमवारपासून या म्हणाल्या. म्हणाल्या, असे वडील घरी असताना तुम्ही इतक्या शांत राहता, तर आमच्या ऑफिसचं काहीच वाटणार नाही तुम्हाला."

मिस्त्रींनी आपला फोन पुढे केला. "काढ नाव. फोन मी केला नाही, तूच केलास. पण काढ."

तिने फोन घेतला. "लिफ्ट कशाने बंद पडली होती, बाबा?"

खोटं बोलायला मिस्त्रींना भरपूर वेळ होता, पण जमलं नाही. "मीच बंद केली. तुझा बाण बघत होतो, चुकून तुझाच स्विच ओढला."

आधी मुलीचा चेहरा रागाने लाल झाला, मग ती तोंडावर हात धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने फोनवर काहीतरी केलं आणि तो परत दिला. "नाव काढलं नाहीये. पण आकडा दिसणार नाही. खूपच खाली गेली तर तेवढं वाजेल. तेव्हा करा फोन, मी उचलेन. एरवी माझी मी बघेन."

"बरं," मिस्त्री म्हणाले. ते 'बरं' तोंडातून काढायला त्यांना त्या बटणापेक्षा जास्त त्रास पडला.

सोमवारी मिस्त्री मशीनरूममध्ये येरझाऱ्या घालत होते. फोन गप्प होता. त्यांनी तो उलटा ठेवला, सुलटा ठेवला, चार्जिंगला लावून बघितला. इंटरकॉमचं बटण काल रविवार असूनही येऊन त्यांनी बदललं होतं, त्यामुळे हाताला तेही काम नव्हतं. गेला हातचा आकडा, असं म्हणून ते स्टुलावर बसले. तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

"बाबा, माझी साखर एकशे चौदा आहे. माझ्या साखरेचा बाण आडवा आहे. मी नवव्या मजल्यावर चाललेय." कर्ता घातलेली तीन वाक्यं पोरीने एका दमात म्हटली.

मिस्त्रींनी डोळे मिटले. जीव भांड्यात पडला. ते काही बोलणार एवढ्यात वकिलांचा भरदार आवाज आला. "एकशे चौदा उत्तम! पण काय हो मिस्त्री, शुक्रवारी इंटरव्ह्यूनंतर ही खाली भेटली तेव्हा एकशे नव्वद होती. मी विचारलं काय खाल्लंस, तर सांगेना. आज जेवल्यावर मी नवव्या मजल्यावर चक्कर मारून विचारून येतो." "मीही येते," मागून एका बाईंचा आवाज. "तुझा नंबर देऊन ठेव गं, अधूनमधून फोन करत जाऊ."

मिस्त्री ताडकन उठले आणि नवंकोरं बटण दाबलं.

"अहो, काय सारखं पोरीच्या मागे लागलाय!" ते कडाडले. "मोठी आहे ती! जरा मोकळं सोडा की तिला!"

बटण लगेच वर आलं, आणि लिफ्ट नवव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत आतला हशा मिस्त्रींना ऐकू येत राहिला. त्यात सगळ्यात मोठ्याने त्यांची मुलगीच हसत होती.