लेपाने केलेली चुगली

ऑफिसचं नवं ओळखपत्र हातात आलं आणि ते घरी दाखवावं असं मला वाटलं. तिथेच फसलो. बायकोने कार्ड उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "नाव तुमचं आहे, पण फोटो कोणाचा लावलाय?"

फोटो माझाच होता. चेहरा राखेच्या रंगाचा आणि ओठांभोवती, नाडी ओढलेल्या पिशवीच्या तोंडाला पडतात तशा चुण्या. दुसऱ्याच दिवशी तिने मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी माझं तोंड भिंगातून न्याहाळलं. सिगरेट बंद, उन्हात जाताना सनस्क्रीन, झोपताना क्रीम, एवढं सांगितलं. सगळ्या सुरकुत्या जाणार नाहीत, पण सिगरेट सोडली तर तजेला येईल, म्हणाल्या. आठवड्यातून एकदा मातीचा लेप, ही बायकोची भर. मी मान डोलावली आणि यातलं पहिलं सोडून सगळं मनापासून करायचं ठरवलं. (पाणीपट्टी खात्यातला कारकून आहे मी. नियम आम्ही दुसऱ्यांना सांगतो.)

बायकोला मात्र 'सोडली' म्हणून सांगून टाकलं. ती इतकी खूश झाली की मला माझीच लाज वाटली, पण तलफ लाजेपेक्षा मोठी निघाली.

लेपाचा मला भलताच आधार झाला. तो वाळेपर्यंत बाथरूमला कडी लावून बसलं तरी कोणी हाक मारत नाही. रविवारी सकाळी मी तोंडाला माती फासली, ती वाळत आल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि निवांत एक ओढली. मग वासावर उपाय म्हणून सगळीकडे फिनेल ओतलं आणि लेपासकट ऐटीत बाहेर आलो.

बायको भाजी निवडत होती. तिने मला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, कार्डाला धरलं होतं तसंच.

"लेप वाळताना तोंड हलवायचं नसतं, सांगितलं होतं ना? कोणाशी बोलत होता?"

"कोणाशी नाही."

"कपाळ गुळगुळीत आहे, गाल गुळगुळीत आहेत. भेगा फक्त ओठांभोवती. म्हणजे ओठांचा चंबू केला होता." तिने माझी हनुवटी जरा वळवली. "आणि एकट्या उजव्या डोळ्याशी. कोणाला डोळा मारत होता? फोन आत नेला होता ना?"

मी आरशात पाहिलं. खरंच की. धूर जाऊ नये म्हणून सिगरेट ओढताना मी उजवा डोळा बारीक करतो, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आता एकीकडे सिगरेट आणि दुसरीकडे एक बाई, जिच्याशी माझी अजून ओळखही झाली नव्हती. मला घाम फुटला आणि लेप ओघळायला लागला.

"अगं, सिगरेट ओढत होतो," मी म्हणालो.

"कशावरून?"

मी फ्लशच्या टाकीमागचं पाकीट काढून दाखवलं. तेवढ्याने भागेना. तिने मला नवा लेप लावला, वाळू दिला आणि न पेटवलेली सिगरेट ओठांत देऊन ओढायला सांगितलं. उजवा डोळा इमानदारीने बारीक झाला. भेगा जिथल्या तिथे पडल्या.

मला वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही.

"कातडीला लेप लावता येतो," ती म्हणाली. "आत जे काळं झालंय, त्याला काय लावू?"

मला फार वाईट वाटलं. पाकीट मीच बादलीत बुडवलं.

दुपारी तिने सांगितलं की फिनेलचा वास आला तेव्हाच तिला सगळं कळलं होतं.

"मग डोळा मारल्याचं कशाला काढलंस?"

"सिगरेटचं विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे कबूल करावंच लागलं. पण एक गोष्ट मनात राहिली होती.

"तरी क्षणभर तुला संशय आलाच असेल ना," मी जरा आशेनेच विचारलं, "बाईचा?"

टेबलावरचं ओळखपत्र उचलून तिने माझ्या हातात दिलं आणि उरलेली भाजी निवडायला बसली.