हकिकत अर्ध्या मिलिमीटराची

श्री. जो तापवितो आणि जो निववितो, त्या दोघांसही सारखेच नमन करून, आणि ज्या प्रयोगशाळारूपी राज्यात हे घडले त्या राज्याचे नाव न घेता, जाहले वर्तमान लिहावयास घेतले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास, ऊन कडक, दालनात पारा एकोणचाळीस अंशांवर. ते दिवशी राज्यात जे होते त्याची मोजदाद ऐसी: दालन एक; खिडक्या दोन, पैकी उघडणारी एक; संगणक चार, पैकी चालते तीन; ग्राफिक्स कार्ड एकच; त्या कार्डावर पंखे दोन, पैकी फिरता एक; मुख्य चिप एक आणि तिच्या भोवती मेमरीच्या चिपा आठ; कूलर आवळणारे स्क्रू चार, मागील पत्र्याचे सहा; आतून निघालेली धूळ, तराजूत घालून, अकरा ग्रॅम; आणि प्रबंध दाखल करण्याच्या मुदतीस उरले दिवस अठरा.

मुदत ती रेवतीबाई शिंत्रे यांची. बाईंचे काम मोडी लिपीचे. जुने कागद अपार आणि मोडी वाचणारी माणसे थोडी, म्हणोन यंत्रास मोडी वाचावयास शिकवावे ऐसा त्यांचा संकल्प, आणि त्याकरिता तीन वर्षे एका देशमुखी दप्तराचे कागद पुढ्यात घेऊन सहा हजार ओळी त्यांनी स्वहस्ते बाळबोधीत उतरविल्या, आणि प्रत्येक अक्षराभोवती चौकट आखून खूण केली, आणि त्यात डोळ्यांस चष्मा लागला. आता उरले ते इतकेच की त्या ओळी यंत्रापुढे ठेवाव्या आणि यंत्राने त्या पुनःपुन्हा वाचून शिकावे. ही शिकवणी अखंड बारा दिवसांची, आणि ती पेलणारा सरदार राज्यात एकच, तो हे ग्राफिक्स कार्ड. विद्यापीठाने मुदत दोन वेळा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा देणार नाही ऐसे पत्र आले होते, आणि दिवस टळला तर नोंदणी रद्द होऊन सहा वर्षांचे काम पाण्यात जाणार होते.

ऐशा समयी सरदार आजारी पडले. एक पंखा जाम होऊन बसला, मुख्य चिपेचा ताप एक्क्याण्णव अंशांवर गेला, आणि ताप चढला की कार्ड आपला वेग आपणच कमी करते, तेणेकरून बारा दिवसांचे काम एकतीस दिवसांचे होऊन बसले. मग मसलत बसली. नवे कार्ड मागवावे तर मागणीच्या कागदास सह्या घेता घेता पावसाळा सरेल. सबब ठरले की जुना कूलर उतरवून त्या जागी मोठा, तीन पंख्यांचा कूलर बसवावा, आणि ही मोहीम सौमित्रराव ढवळे यांनी शिरावर घेतली. सौमित्रराव पदार्थविज्ञानाचे पदवीधर, वय तेवीस, राज्यात येऊन वर्ष जाहलेले, स्वभावे चौकस, दिवसास शंभर प्रश्न विचारणारे, आणि माप घेण्यात असे चोख की चहात साखर घालतानाही चमचा सपाट करून घालीत. आणि त्या राज्याचा शिरस्ताही ऐसा की वहीत आकडा असल्यावाचून कोणी कोणतीही गोष्ट खरी धरीत नसत. हा शिरस्ता चांगला होता. त्यानेच घात केला, हे लिहिताना हात जड होतो, परंतु लिहिणे प्राप्त आहे.

कूलर आणिला कासमभाई मणेर यांनी. कासमभाईंचे चौकात दुरुस्तीचे दुकान, बावीस वर्षे हाताखालून यंत्रे गेलेली. कूलर याच जातीच्या दुसऱ्या कार्डावरून उतरविलेला होता, आणि त्यासोबतचा माहितीचा कागद कोणे काळी गहाळ जाहला होता. आता कूलर बसवावा तर मुख्य चिपेवर पेस्टचा पातळ थर लागतो, आणि मेमरीच्या चिपा उंचीने ठेंगण्या, म्हणोन त्यांच्या आणि कूलरच्या मधली फट भरावयास मऊ रबरासारखे पॅड लागतात, ज्यांतून उष्णता वर जाते. कासमभाई कूलर टेबलावर ठेवून म्हणाले, "मेमरीला दीडचा पॅड लावा, साहेब. दीड मिलिमीटर. बाकी तुम्ही शिकलेले."

सौमित्ररावांनी जुन्या कूलरखालचा एक पॅड चिमट्याने उचलला, व्हर्नियरच्या जबड्यात धरला, आणि तीन वेळा मोजला. एक पूर्णांक शून्य दोन. शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव. एक पूर्णांक शून्य शून्य. सरासरी काढून वहीत लिहिली आणि वही कासमभाईंपुढे फिरविली. "हा एकचा आहे, कासमभाई. दीडचा नाही. तीनदा मोजलाय."

"तुमचा काटा खरं बोलतोय. पॅड खोटं बोलतोय."

"पॅड कसा खोटं बोलेल?"

"ते मला इंग्रजीत नाही सांगता यायचं. हाताला दीडचा लागतोय."

"हाताला लागतोय हे मी वहीत कसं लिहू?"

"नका लिहू की. नुसता लावा."

यावर दालनात हशा जाहला, सौमित्ररावही हसले, आणि इतक्यात कासमभाईंना दुकानातून फोन आला की गिऱ्हाईक तावातावाने भांडत बसले आहे, मग ते उठून गेले. जे दिवसास शंभर प्रश्न विचारीत, त्यांनी त्या दिवशी जिन्यापर्यंत जाऊन एकशे एकावा प्रश्न विचारला नाही. दुपारी एक मिलिमीटर जाडीचा पॅड आणविला, तो पट्टी धरून आठ समान तुकड्यांत कापिला, पेस्ट तोलून लाविली, कूलर बसविला, आणि कार्ड कॅबिनेटात चढविले. प्रथम पडद्यावर काहीच उमटेना. मग पाहतात तो चार स्क्रूंपैकी एक फार आवळला गेला होता आणि कार्डाची पाटी एका कोपऱ्यात वाकली होती. मग चारही स्क्रू ढिले करून समोरासमोरच्या जोडीने पाव पाव फेऱ्यांनी आवळले, आणि पडदा उजळला. कूलर वजनी असल्याने कार्ड खाली झुकू लागले, त्यास कोणाच्या तरी कंपासपेटीचा टेकू दिला. मग पूर्ण वेगाने तासभर चालवून ताप पाहिला तो त्रेसष्ट अंश. एक्क्याण्णवाचे त्रेसष्ट जाहले म्हणोन क्रीमरोल आणि चहा आला, रेवतीबाईंनी सौमित्ररावांस आपल्या वाटणीचा क्रीमरोल दिला, आणि सर्वत्र समाधान जाहले. तो आकडा मुख्य चिपेचा होता. मेमरीच्या आठ चिपांचा ताप सांगणारा मापक या कार्डास नव्हता. ही गोष्ट सर्वांस ठाऊक होती आणि कोणी बोलिले नाही.

मुदतीस सतरा दिवस असता शिकवणी सुरू जाहली. पाच दिवस यंत्र बरे शिकत होते. सहाव्या दिवशी सकाळी रेवतीबाई पाहतात तो काल जे शब्द यंत्राने नीट वाचले ते आज भलतेच वाचू लागले. "मौजे"च्या जागी काही, "वतन"च्या जागी काही, आणि एका संपूर्ण ओळीचे एकच अक्षर सतरा वेळा. बाईंनी सौमित्ररावांस बोलाविले आणि शांतपणे विचारिले, "ढवळे, कार्ड ठीक आहे ना? मला खरं सांग."

"ताई, त्रेसष्ट अंश. सहा दिवसांत एकदाही पासष्टच्या वर गेलेलं नाही. हा बघा आलेख."

"मग हे काय आहे?"

"कार्ड थंड आहे म्हणजे राहिला डेटा. तुमच्या खुणांमध्येच कुठेतरी घोळ असणार."

हे वाक्य सौमित्रराव उद्धटपणे बोलिले नाहीत. आलेखावर बोट ठेवून, सभ्यपणे, एखादा निष्कर्ष सांगावा तसे बोलिले, आणि म्हणोनच ते बाईंच्या मनात शिरले. मग रेवतीबाई आपल्या सहा हजार ओळींचे बाड काढून बसल्या, आणि तीन दिवस, जेवणाचा डबा बाजूस तसाच ठेवून, अकराशे ओळी पुन्हा तपासल्या. खऱ्या चुका सापडल्या त्या चार. परंतु संशयाने पाहू लागले म्हणजे मोडीचे अक्षर कसेही वळते. आज जे अक्षर एक, ते उद्या दुसरेच दिसे. आणि बाईंनी बरोबर असलेल्या सदतीस ओळी खोडून चुकीच्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मैत्रिणीपाशी बोलिल्या की मला माझेच अक्षर आता ओळखू येत नाही, तीन वर्षे मी काय वाचीत होते कोण जाणे. सौमित्रराव पलीकडच्या टेबलावर बसून तासातासाचा ताप वहीत उतरवीत होते. त्रेसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.

मुदतीस नऊ दिवस उरले असता पडद्यावर हिरवे आणि गुलाबी चौकोन उमटले आणि यंत्र जागच्या जागी थिजले. तेव्हा कोठे कासमभाईंस बोलावणे गेले. ते आले, कॅबिनेटाची बाजू उघडून चालत्या कार्डाच्या पाठीवर, मेमरी जेथे असते तेथे, बोटाची मागची बाजू क्षणभर टेकविली आणि झटकन ओढून घेतली. म्हणाले, "त्रेसष्ट काय? इथं पापड भाजा." मग सौमित्ररावांनी दुरून ताप मोजणारे यंत्र आणून त्या जागी रोखिले, आणि आकडा आला एकशे आठ. कार्ड थंड करून कूलर उघडिला. आठ पॅडांपैकी पाचांवर चिपेचा अगदी पुसट ठसा, आणि तिहींवर ठसा मुळीच नाही. दुकानातून आले तेव्हा जसे गुळगुळीत तसेच. नऊ दिवस त्या तीन चिपांस कोणी स्पर्शच केला नव्हता. कार्डाचा ताप तेथे जमत राहिला, मेमरी विसरू लागली, आणि जे विसरले त्यावरच यंत्र पुढले शिकत गेले.

कासमभाईंनी नवा दीडचा पॅड दोन बोटांत धरून दाबून दाखविला. "हा मऊ असतो. स्क्रूखाली चार वर्षं दबतो, भाजतो, बसतो. तुम्ही मोजला तो बसलेला. साहेब, तुम्ही म्हाताऱ्याची उंची मोजून जवानाचा अंगरखा शिवला."

सौमित्रराव म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की. दीडचा लावा म्हणून."

मग सौमित्ररावांनी तो दीडचा पॅड प्रयोगशाळेच्या लोखंडी शिकंज्यात हळूहळू आवळून पाहिला, आणि दाबाखाली तो एक मिलिमीटराच्या आसपास येऊन थांबतो हे स्वतः पाहिले. कूलरने पॅडास दाबिले पाहिजे. जेवढी फट तेवढाच पॅड घातला तर तो नुसता टेकतो, आणि टेकण्याने उष्णता जात नाही. हे ज्ञान चार ओळींचे. ते नऊ दिवस आधी जिन्यावर मिळत होते. मग ते उठून रेवतीबाईंच्या टेबलापाशी गेले आणि उभेच राहिले, आणि म्हणाले, "ताई, तुमच्या खुणा बरोबर होत्या. चूक माझी. पॅड पातळ लागला."

बाईंनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेविली. "सगळ्या बरोबर होत्या?"

"चार सोडून सगळ्या."

बाईंनी बाड मिटविले. मग म्हणाल्या, "दिवस गेले ते गेले, ढवळे. पण तू आकडा दाखवलास आणि मी तीन दिवस माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. ते तुझ्या वहीत कुठे लिहिणार?"

तेच दिवशी दीडचे पॅड लागले, कार्डाच्या पाठीचा ताप एकशे आठावरून एक्क्याऐंशीवर आला, मुख्य चिपेचा दोन अंशांनी चढला आणि त्याचे कोणास काही वाटले नाही. बाईंनी सदतीस ओळी जुन्या प्रतीवरून पूर्ववत केल्या. झालेले शिक्षण बिघडल्या स्मृतीत झालेले, सबब ते समूळ टाकून आरंभापासून सुरुवात करावी लागली. मुदतीस उरले दिवस आठ, त्यातील तीन छपाईचे, बांधणीचे आणि सह्यांचे. मिळाले पाच. पाच दिवसांत यंत्र जेवढे शिकले तेवढे शिकले, आणि परीक्षेस वेगळ्या राखून ठेविलेल्या पाचशे ओळी त्यापुढे मांडिल्या तो शंभर अक्षरांत एकवीस चुका. हाच आकडा प्रबंधात छापिला गेला. प्रबंध मुदतीत दाखल जाहला, पुढे पदवीही मिळाली, आणि परीक्षकांनी अभिप्राय दिला की खुणा करण्याची मेहनत असाधारण आहे, परंतु यंत्र व्यवहारात वापरण्याजोगे नाही. ज्या दप्तरखान्याने ते यंत्र वापरून पाहू म्हटले होते त्यांनी तोच अभिप्राय वाचून नको म्हणोन कळविले. रेवतीबाई दुसऱ्या शहरी कॉलेजात शिकवावयास गेल्या. जाताना सर्वांस भेटल्या, सौमित्ररावांसही भेटल्या.

तात्पर्य एवढेच की कूलर उत्तम होता, पेस्ट नेमकी होती, माप अचूक होते, आणि कासमभाई दीड म्हणाले होते. बाई गेल्यावर कार्ड रिकामे पडले. तेव्हा सौमित्ररावांनी त्याच सहा हजार ओळी, त्या चार चुका सुधारून, यंत्रापुढे पुन्हा ठेविल्या आणि कोणी सांगितले नसता शिकवणी अखंड बारा दिवस चालविली. तेराव्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता त्याच पाचशे ओळींवर परीक्षा घेतली. शंभर अक्षरांमागे चुका सहा पूर्णांक आठ.