दहा पौंडांचा अमोस

टिंग.

ओव्हनची घंटी एवढीशीच वाजली, पण घरात इतकी शांतता होती की लिनेलला ती चर्चच्या घंटेएवढी वाटली. दोन्ही मुलं एकाच वेळी झोपली होती. असा योग हॅटफिल्डांच्या घरी ग्रहणासारखा, वर्षातून एखाद-दोनदाच यायचा. ती अनवाणी धावली, ओव्हन बंद केला आणि श्वास रोखून उभी राहिली. पाच महिन्यांचा ऑर्सन हलला नाही. सोफ्यावर नवरा, ट्रेंट, चर्चचा टाय तोंडावर घेऊन घोरत होता. वाचलो, असं तिला वाटतंय तोच दारातून आवाज आला.

"आई, अमोस कुठाय?"

चार वर्षांची ओपल डोळे चोळत उभी होती.

अमोस म्हणजे मैद्याची पिशवी. विलो बेंच गावच्या चर्चमंडळीतली मोठी मुलंमुली दर चार वर्षांनी पूर्वजांसारखे कपडे घालून डोंगरात तीन दिवस हातगाड्या ओढत नेतात. पूर्वज आपल्या धर्मासाठी घरदार सोडून तेराशे मैल चालले होते. ही मुलं वीस मैल चालतात आणि पुढची चार वर्षं त्याच्या गोष्टी सांगतात. दहा-दहा मुलांचं एक कुटुंब करायचं, त्याला तीन दिवसांपुरते उसने आईबाप द्यायचे आणि सांभाळायला एक बाळ द्यायचं: बरोबर दहा पौंड मैदा, वर कापडी अंग, झबलं, टोपडं आणि सिस्टर लारूंनी (मंडळीत सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात) भरतकाम केलेला हसरा चेहरा.

यंदा उसन्या आईबापांत लिनेल आणि ट्रेंटचं नाव निघालं. लिनेल सव्वीस वर्षांची, सगळ्या आयांत लहान. नाव वाचलं गेलं तेव्हा मागच्या बाकावर सिस्टर लारू, त्यांच्या मते अगदी हळू, म्हणाल्या होत्या, "हिला स्वतःची दोन आवरत नाहीत, ही आणखी दहा काय आवरणार?" त्यांना हल्ली कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळ्या चर्चने ऐकलं. लिनेलने त्या दिवशी मनाशी ठरवलं, बाकी काही होवो, या बाळाच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही. आज संध्याकाळी सहाला डोंगरात निघण्याआधीचं सगळ्यांचं जेवण होतं आणि जेवणानंतर ब्रदर थेन आपल्या मासे तोलायच्या काट्यावर प्रत्येक बाळ तोलणार होते. मागच्या खेपेला एका कुटुंबाने ओझं नको म्हणून बाळात मक्याच्या लाह्या भरल्या होत्या, तेव्हापासून त्यांचा कुणावर विश्वास राहिला नव्हता.

"अमोस तुझ्याजवळ होता ना, राणी?"

"त्याचे कपडे घाण झाले होते. मी सगळे काढले आणि मशीनमध्ये टाकले. आणि त्याला तिथे झोपवलं." ओपलने ओट्याकडे बोट दाखवलं.

लिनेलने ओट्याकडे पाहिलं. मग कचऱ्याच्या डब्यात नीट घडी घालून टाकलेल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. मग ओव्हनकडे पाहिलं. आत आठ डझन पावांची शेवटची खेप सोनेरी होऊन फुगली होती.

दोन तासांपूर्वी तिने ट्रेंटला सांगितलं होतं, तळघरातून मैदा आण. थोड्या वेळाने ओट्यावर पिशवी दिसली तेव्हा तिला खरंच भरून आलं होतं. सहा वर्षांच्या संसारात एकदाच सांगून झालेलं ते पहिलं काम होतं.

"ट्रेंट! तू मैदा वर आणलास ना?"

टाय हलला. "आणणारच होतो. पण खाली मैदाच नाहीये गं. उठल्यावर सांगणार होतो."

लिनेलने कचऱ्यातली पिशवी काढून वाचली: दहा पौंड.

"अमोस कुठाय?" ओपलने पुन्हा विचारलं.

"अमोस... आंघोळ करतोय," लिनेल म्हणाली. खोटं बोलायला रविवारच मिळाला, हा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

ओपल कार्टून बघायला बसली तेव्हा नवराबायकोची स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली.

"दुकानातून आणू?" ट्रेंट म्हणाला.

"रविवारी?"

 रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी विलो बेंचमध्ये कुणी काही विकत घेत नसे, आणि कुणाला मोह झालाच तर दुकानाचं दार बिशपांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ दिसत असे.

"मग शेजारी माग."

"शेजारी कोण राहतं, ट्रेंट?"

"हां. सिस्टर लारू."

"त्यांच्या दारात जाऊन काय सांगू? तुम्ही बनवलेलं बाळ मी भाजलं, थोडा मैदा द्या?"

मंडळीच्या रिवाजाप्रमाणे तळघरात वर्षभर पुरेल इतकं धान्य होतं. ट्रेंटच्या आईने लग्नात भेट म्हणून सोफा दिला नव्हता, अकरा बादल्या गहू दिले होते. पण दळायची गिरणी चुलतभावाने नेली होती, तीही आजच. ट्रेंटने उशीच्या अभ्र्यात गहू भरले आणि हलवून पाहिले. बाळाचा खुळखुळा झाला होता, आणि दहा पौंड होऊनही आकाराने अमोसपेक्षा बराच लहान दिसत होता.

"ओपल एका क्षणात ओळखेल," लिनेल म्हणाली. "जाड दिसेल आणि वजन होणार नाही असं काहीतरी वरून घाल."

सापडला तो वाळवलेल्या बटाट्याचा चुरा. आठ पौंड गहू, वर दोन पौंड चुरा. ट्रेंट न्हाणीघरातल्या काट्यावर आधी एकटा उभा राहिला, मग कडेवर अमोसला घेऊन. बरोबर दहा पौंड. मशीनमधून काढलेलं अंग, झबलं, टोपडं चढवलं. सिस्टर लारूंचा हसरा चेहरा जरा चुरगळला होता, पण हसत होता.

ओपलने त्याला हुंगून पाहिलं. "याला वेगळा वास येतोय."

"आंघोळ केली ना त्याने," लिनेल म्हणाली. "आता तू त्याची ताई. त्याला काही कमी पडू द्यायचं नाही, कळलं?"

ते वाक्य आपल्याला महागात पडेल, हे तिला तेव्हा कुठे माहीत होतं.

चर्चच्या मोठ्या खोलीत सहा वाजता साठ माणसं जमली. हॅम होतं, हिरवी जेली होती, आणि लिनेलचे पाव. पावांवर तर उड्याच पडल्या. सिस्टर लारूंनी दोन खाल्ले आणि तिसऱ्याला लोणी लावायला घेतलं. लिनेलने स्वतः एकही घेतला नाही. तिच्या वाटणीच्या दहा मुलांपैकी आठजण तिला 'मा' म्हणू लागले होते, आणि ती त्यांच्या ताटांत पाव वाढत हसत होती.

"आता बाळं आणा!" ब्रदर थेन म्हणाले. ते आयुष्यभर बटाटे पिकवून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. पहिलं बाळ दहा पौंड. दुसरं दहा. तिसरं दहाला थोडं कमी, पण आईबापांनी टोपडं काढलं होतं म्हणून ते चाललं.

"हॅटफिल्ड."

ओपलने अमोसला दोन्ही हातांनी कसंबसं आणलं. ब्रदर थेननी त्याला आकड्याला लावलं. काटा दहाच्या पुढे गेला, अकराच्या पुढे गेला आणि बारावर थांबला.

"बारा?" ब्रदर थेननी चष्मा पुसला. "हे तर वाढतंय."

"वाढणारच," ओपल अभिमानाने म्हणाली. "त्याला तहान लागली होती. मी त्याला पाच पेले पाणी पाजलं."

लिनेलने डोळे मिटले. तेवढ्यात अमोसच्या पोटाची शिवण उसवली आणि फुगलेल्या बटाट्याचा एक पांढरा, गुळगुळीत लोळा हळूहळू बाहेर येऊन ब्रदर थेनच्या रविवारच्या बुटावर पडला.

 ब्रदर थेन खाली वाकले. बटाट्यात त्यांना कोण फसवणार? "हा मैदा नाही," ते शांतपणे म्हणाले.

"नाही," लिनेल म्हणाली.  "मैदा तुमच्या ताटात आहे. मला कळलंच नाही हो. पोरं झोपली होती, मी घाईत होते, आणि मी... मी त्याचे पाव केले."

साठ माणसांनी आपापल्या हातातल्या पावाकडे पाहिलं. एक उंच मुलगा चावायचा थांबला आणि क्षणभर विचार करून त्याने घास गिळून टाकला.

सिस्टर लारू खुर्चीला धरून उठल्या. लिनेलने मान खाली घातली. आता 'दोन आवरत नाहीत' हे वाक्य पुन्हा येणार, आणि या वेळी खरं होऊन. म्हातारीने अमोसच्या पोटातला बटाटा बोटावर घेऊन चाखला.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या. मग आपल्या मते अगदी हळू आवाजात, "पाव छान झालेत, पोरी. अठ्ठ्याण्णव साली मी माझ्या बाळाचा केक केला होता. माझी कुणाला सांगायची छाती झाली नाही, एवढंच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि मग खोलीभर हसू पसरलं. फक्त ब्रदर थेन हसले नाहीत. त्यांनी खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढून लिनेलच्या हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं: दुसरा दिवस, दुपारी. हॅटफिल्ड.

"एक बाळ वाटेत पुरायचं असतं," ते म्हणाले. "त्या काळच्या आयांना पुरावं लागलं, तसं. चिठ्ठी तुमची निघाली. बुधवारपासून खिशात घेऊन फिरतोय. तुझ्या मुलीला त्याला कुशीत घेऊन हिंडताना पाहिलं की सांगायला तोंडच उघडत नव्हतं." त्यांनी चिठ्ठी परत घेतली आणि तिचे चार तुकडे केले. "आता तो गेलाच आहे. एकदा गेलेल्याला पुन्हा कशाला पुरायचं?"

ट्रेंटच्या खांद्यावर ऑर्सन झोपला होता. लिनेलने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मग तिच्या स्कर्टला कुणीतरी ओढलं. ओपल सगळं ऐकत होती. ती रडत नव्हती. तिच्या हातात अर्धा पाव होता आणि कपाळावर आठी. तिला काहीतरी नीट समजून घ्यायचं होतं. सिस्टर लारूही उत्तर ऐकायला कानामागे हात धरून पुढे झुकल्या.

"आई," ओपल म्हणाली, "मग अमोस आता स्वर्गात आहे, की माझ्या पोटात?"