गैरहजरांचे बोरुडे सर

जे विद्यार्थी वर्गात आलेच नाहीत, त्यांनाच बोरुडे सर मन लावून शिकवायचे.

नगरमधल्या आमच्या कॉलेजात बाहेरून बी.ए. करणाऱ्यांसाठी अभ्यासकेंद्र आहे. दर रविवारी मी तिथं इतिहास घ्यायचो आणि शेजारच्या खोलीत निवृत्त शिक्षक बोरुडे सर तत्त्वज्ञान. शिकणारी माणसं संसारातली. कोणाचं मिरजगावात किराणा दुकान, कोणी एमआयडीसीत पाळ्या करणारं. तत्त्वज्ञानाला अकरा नावं होती. त्यातली दोघं आली तरी गर्दी वाटायची. माझ्याकडे कोणी आलं नाही की मी सरळ घरी जायचो. सर मात्र हजेरीपट उघडून एकेकाला फोन लावायचे आणि उभं राहून शिकवायचे. फळ्यावर लिहायचेसुद्धा. फोनवर फळा दिसतो का, असं मी एकदा विचारलं. "मला दिसतो ना," सर म्हणाले.

विद्यार्थ्यांना ते अहोजाहो करत. समोरच्यानं काहीही म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कशावरून?" एकदा एसटीच्या कंडक्टरनं गाडी भरली आहे म्हटल्यावर सरांनी हेच विचारलं आणि पाथर्डीची गाडी त्यांना न घेता निघून गेली. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये हातवारे करून सांगायचो.

मंगल ही त्यांची सगळ्यात लांबची विद्यार्थिनी. पाथर्डीकडची, नवऱ्याबरोबर दरसाल दूरच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणारी. दुपारी भाकरी खाताना ती फोन घ्यायची. समोर ऊस आहे, असं तिनं म्हटलं की सर विचारायचे, कशावरून? "उसाच्या पात्यानं हात कापलाय, सर." सर खूश. "लिहून ठेवा मंगलताई, याला प्रत्यक्ष प्रमाण म्हणतात." भिंतीपलीकडे मी हसू दाबत बसायचो.

त्या वर्षी स्वाध्यायाच्या वह्या फेरतपासणीला माझ्याकडे आल्या. मंगलच्या वहीतलं अक्षर बोरुडे सरांचं होतं. ते तिरकं, घोटीव अक्षर नोटीस बोर्डामुळे आख्खं कॉलेज ओळखत होतं. मी उत्तर वाचलंच नाही. आधी वही स्टाफरूममध्ये नेली, चौघांना दाखवली, हशा झाला. मग केंद्रप्रमुखांकडे गेलो. नियमांची मला एवढी चाड कधीच नव्हती. रिकाम्या खोलीतही सरांचा वर्ग भरतो आणि माझा भरत नाही, हे मला टोचत होतं. आज लिहितानाही याची लाज वाटते.

केंद्रप्रमुखांनी सरांना बोलावलं. अक्षर तुमचंच ना, असं विचारलं. सर म्हणाले, "माझंच. परवानगी घ्यायला हवी होती, घेतली नाही. चूक माझी." कशाची परवानगी, हे आम्ही कोणी विचारलं नाही. पुढच्या रविवारपासून येऊ नका आणि विद्यार्थ्यांशी संपर्कही ठेवू नका, असं त्यांना सांगण्यात आलं. सरांनी फळा पुसला, हजेरीपट माझ्या हातात दिला आणि गेले.

ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर मंगल केंद्रावर आली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. सरांचा फोन येईना, आजारी हायेत का, असं तिनं मला विचारलं. मी वहीचा विषय काढला. तेव्हा कळलं, हातावर कोयता बसला होता, म्हणून तीन रविवार ती फोनवर सांगत गेली आणि सर उतरवून घेत गेले.

"एक सबूद पदरचा घातला न्हाई सरांनी," ती म्हणाली. "मी चुकले तरी तसंच लिव्हलं. म्हनले, मार्क तुमचे हायेत, तर चूक बी तुमचीच पायजे."

ती गेल्यावर मी कपाटातून वही काढली आणि पहिल्यांदा वाचली. 'मुकादम म्हणतो, पुढच्या फडात ऊस सरळ आहे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, कारण आपल्याला दुसरा रस्ता नसतो. अशा विश्वासाला ज्ञान म्हणावं का?' पुढच्या पानावर दोन प्रमाणांच्या नावांची अदलाबदल झाली होती. ती ठसठशीत चूक सरांनी आपल्या घोटीव अक्षरात जशीच्या तशी लिहिली होती. मला पान उलटवेना.

केंद्रप्रमुखांना मी लेखी कळवलं, की माझी तक्रार खोटी ठरली. मंगलचे अडवलेले गुण तिला मिळाले, सरांवरची संपर्काची बंदीही उठली. सरांच्या जागी मात्र दुसऱ्याची नेमणूक झाली होती, ती तशीच राहिली.

रविवारी मी सावेडीत सरांच्या घरी गेलो. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्यात. घरात एकटेच, पण इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मी सगळं सांगितलं, स्टाफरूममधलं हसणंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. लेखनिक होण्याची परवानगी नव्हती हे तर खरंच, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "रविवार फार मोठा झालाय हो."

मी माझ्या मोबाईलवरून मंगलला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी हाताची चौकशी केली. बोटांचं ऐकून, डॉक्टरांना दाखवलं का, असं विचारलं. मग आवाज खाली आणून, रजा मागावी तसं म्हणाले, "मंगलताई, मी आता तुमचा शिक्षक नाही. तरी रविवारी फोन केला तर चालेल का?"

तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. सर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि कितीतरी वेळ होकाराची मान हलवत राहिले.