सासऱ्यांच्या काठ्यांना पॉलिश

दिसणं म्हणजे निम्मं काम, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, निम्मं कशाला, सगळंच. उरलेलं कुणीतरी मागच्या बाजूला उभं राहून करत असतं आणि ते कुणाला दिसत नाही, म्हणजे ते धरायचं नाही.

हे मी हवेत बोलत नाही. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाची दर्शनी काच सजवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. माझ्या काचेतला पुतळा समोरून बघाल तर राजपुत्र, आणि पाठीमागून बघाल तर टाचण्यांमुळे झालेलं साळिंदर. पण पाठीमागून बघतो कोण? लोक समोरून बघतात, भुलतात आणि आत येतात.

माझे सासरे म्हणजे या विचारसरणीचे कट्टर शत्रू. त्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. ते म्हणतात, "लिफ्टमध्ये आरसा नसला तरी ती वर जाते. दोर नसला, तर तुम्ही आरशात भांग पाडत पाडत खाली येता."

आम्ही एकाच घरात राहतो, पण आमच्यात आदर फार. ते मला 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणायचे, मी त्यांना 'बाबा' आणि 'तुम्ही' म्हणायचो. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमचं बोलणं दोन सरकारी खात्यांमधल्या पत्रव्यवहारासारखं चालायचं. "जावईबापू, आपला पेपर वाचून झाला असल्यास..." "अवश्य, बाबा, आपण आधी घ्यावा..." माझी बायको म्हणायची, "तुम्हा दोघांचं ऐकलं की मला उठून सही करावीशी वाटते."

तर या सासऱ्यांना नाद एकच, गोल्फचा. गोल्फमध्ये खेळायच्या दांड्यालाही क्लब म्हणतात आणि खेळायच्या जागेलाही क्लबच म्हणतात, म्हणून मी आपलं सरळ काठ्या म्हणतो. त्यांच्या काठ्या बघून मला रडू यायचं. डोकी गंजलेली. काहींच्या मागे शिशाचे काळपट तुकडे चिकटवलेले. आणि मुठींना रंगीबेरंगी चिकटपट्ट्या: एकीला लाल, एकीला हिरवी, एकीला पिवळी, एकीला कसलीतरी ठिपक्याठिपक्यांची. पिशवी उघडली की वाटायचं, अपघातातून वाचलेल्या छत्र्यांचं संमेलन भरलंय.

त्यांचा जुना दोस्त आणि कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे दातांचा डॉक्टर. त्याच्या काठ्या झगझगीत आणि कपड्यांची इस्त्री अशी की कडेनं सफरचंद कापावं. दर वर्षी दोघांचा एक सामना व्हायचा, आणि आजवर दोघांनी सारखेच सामने जिंकले होते. आता डॉक्टर दवाखाना बंद करून लांब, मुलीकडे राहायला निघाला होता. म्हणजे हा सामना शेवटचा. मागच्या खेपेला तो माझ्यादेखत म्हणाला होता, "अरे, तुझ्या पिशवीत हात घालण्याआधी मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावंसं वाटतं."

सासरे हसले होते. मला मात्र ते फार लागलं. माझ्या सासऱ्याला कुणी समोरून हसावं?

मी ठरवलं. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात "पिशवी मी गाडीतून घेऊन येतो, तुमच्या खांद्याला ताण नको" असं म्हणून ती ताब्यात घेतली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत नेली. तिथे पितळी स्टँड चमकवायचं यंत्र आहे.

बायकोनं विचारलं, "बाबांना सांगितलंस का?"

"सरप्राइज सांगून देतात का?"

"बाबांना सरप्राइज आवडत नाही."

"कारण त्यांना आजवर चांगलं मिळालंच नाहीये."

मी गंज घासला. शिशाचे तुकडे खरवडून काढले. प्रत्येक डोक्याच्या तळाला एकेक आकडा कोरलेला होता, अर्धवट झिजलेला, पडलेल्या दातासारखा. तोही घासून सपाट केला. मग चिकटपट्ट्या सोलून सगळ्या मुठींना एकसारखं काळं, मऊ चामडं चढवलं. काम संपवून काठ्या भिंतीशी ओळीनं उभ्या केल्या, तेव्हा मला त्यांच्यात माझा चेहरा दिसत होता. खोटं नाही सांगत, डोळे भरून आले होते.

सामन्याच्या दिवशी सकाळी मैदानावर मी झाकलेली पिशवी खांद्यावरून उतरवली आणि दोघांच्या समोर कापड ओढलं. आम्ही काचेवरचा पडदा ओढतो ना, अगदी तसं.

डॉक्टर दोन पावलं मागे सरकला. "नव्या घेतल्यास?"

सासऱ्यांनी एक काठी बाहेर काढली, उलटी केली, तळाकडे बघितलं, परत ठेवली. दुसरी काढली. परत ठेवली. मग डॉक्टरकडे वळून छाती पुढे काढून म्हणाले, "जुन्याच आहेत. जावईबापूंनी केल्यात."

मला आभाळ ठेंगणं झालं.

पहिला फटका छान बसला, कारण ती काठी मोठ्या डोक्याची, आंधळ्यालाही ओळखू येईल अशी. चालत चेंडूपाशी गेलो. सासऱ्यांनी झेंड्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. "लाल."

मी पिशवीत बघितलं. पिशवीनं माझ्याकडे बघितलं.

"बाबा," मी त्यांच्या कानाशी लागलो, "लाल आता नाही. सगळ्या काळ्या आहेत."

"ते दिसतंय मला. लाल होती ती कुठली?"

"तेच तर कळत नाहीये."

"आकडा बघा. सात. कुठली किती लांब मारते ते आकड्यावरूनच कळतं."

"आकडे मी घासून काढले."

"का?"

"दिसायला बरे नव्हते."

सासऱ्यांनी डोळे मिटले. लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकली की माणूस मिटतो तसे. पलीकडे डॉक्टर कान टवकारून उभा होता. "द्या कुठलीही," ते दातांमधून म्हणाले.

मी त्यातल्या त्यात रुबाबदार दिसणारी दिली. फटका बसला. चेंडू झेंड्यावरून गेला, झुडपांवरून गेला आणि माळ्याच्या कापलेल्या गवतानं भरलेल्या ढकलगाडीत जाऊन पडला. माळ्याला पत्ताच नाही. तो शीळ घालत गाडी ढकलत निघून गेला, आणि मी त्याच्या मागे "अहो, थांबा" करत पळत सुटलो.

चेंडू घेऊन धापा टाकत परत आलो तर डॉक्टरचा चेहरा उतरलेला. "इतक्या जवळून इतकं लांब?" तो सासऱ्यांना विचारत होता. "त्या काठीत घातलंयस काय?"

"पॉलिश," सासरे म्हणाले.

झालं. डॉक्टरच्या डोक्यात बसलं की पॉलिशनं काठीला जोर येतो. आता मागे पडायचं नाही म्हणून त्यानं आपल्या पुढच्या फटक्यात इतका जीव ओतला की टोपी पुढे गेली आणि चेंडू तळ्यात.

इकडे आमची वेगळीच शाळा भरली. झाडाआड जाऊन मी काठ्या उंचीप्रमाणे उभ्या करत होतो आणि सासरे पुटपुटत होते, "ही त्या ठिपकेवालीची धाकटी बहीण असावी. नाही, ही थोरली. शिसं कुठे गेलं हिच्या मागचं?"

"तो मळ नव्हता का?"

"मळ? वजनासाठी लावलं होतं ते. कित्येक महिने तोलून तोलून."

ते पुढे काहीतरी बोलणार होते, पण गिळलं. जावई पडलो ना मी. माणूस जावयाला बोलत नाही, नुसता लाल होतो. निदान तेवढा एक लाल रंग तिथे शिल्लक होता.

मग व्हायचं तेच झालं. उन्हं वर आली. डॉक्टर फटका मारायला उभा राहिला आणि नेमकी त्याच वेळी मी एक काठी नीट बघायला वर उचलली. तिचा लख्ख कवडसा थेट त्याच्या डोळ्यांत. काठी खाली आली, चेंडू जागच्या जागी राहिला आणि गवताचा एक भलामोठा तुकडा आपणच खेळतोय अशा थाटात उडाला.

डॉक्टर संतापला. "आरसा दाखवतो हा मला! मघापासून बघतोय. झाडाआड खलबतं काय, खुणा काय. सरळ सांग, या जावयाला घेऊन तू लबाडी करायला आलायस."

मी घाबरून सासऱ्यांकडे बघितलं. ते शांतपणे पुढे झाले.

"त्याला काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "गाढव आहे. अट्टल गाढव आहे. पण लबाड नाही. आणि आमच्या घरातलं गाढव आहे, त्याला हाकायचं ते मी हाकेन."

मग माझ्याकडे वळून, "अरे गाढवा, आकडे घासतात का कधी? थर्मामीटर पुसून कोरा केलास तू!"

त्यांनी मला 'अरे' म्हटलं होतं. ऐकून मला आनंद व्हावा की लाज वाटावी ते कळेना, म्हणून दोन्ही झालं.

"मग झाडाआड काय चाललं होतं?" डॉक्टर हटून बसला होता.

सासऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला अवघडलेले दिसले. शेवटी त्यांनी आतल्या खिशातून चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

"मला जवळचं दिसत नाही," ते म्हणाले. "आकडे वाचता येत नाहीत, म्हणून रंग लावले होते. रंग यानं काढले. मघापासून आम्ही अंदाजे खेळतोय."

"चष्मा होता तर लावायचा नाही का?"

"लावला की म्हातारा दिसतो," सासरे अगदी बारीक आवाजात म्हणाले.

मी थक्क झालो. आरशावाचून लिफ्ट वर जाते म्हणणारा हा माणूस!

डॉक्टरनं आपली टोपी काढली. टोपीच्या आतून, अस्तराच्या मागून, एक जाड काचांचा चष्मा निघाला. "मला लांबचं दिसत नाही," तो म्हणाला. "माझा चेंडू कुठे गेला ते मी तुझ्या तोंडावरून ओळखतो. तू खूश दिसलास की समजायचं, तळ्यात."

दोघांनी चष्मे लावून एकमेकांकडे बघितलं.

"केवढा म्हातारा झालायस रे," डॉक्टर म्हणाला.

"तुझे दात तेवढे छान आहेत."

"ते माझे नाहीत."

मग दोघं खाली गवतावर बसले आणि पोट धरून हसले. मी काठ्या पाठीमागे लपवून उभा होतो, पुन्हा कवडसा नको म्हणून.

उरलेला सामना त्यांनी चष्मे लावून खेळला. आता डॉक्टरला झेंडा दिसत होता, आणि सासऱ्यांना काठ्या स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे त्या एकसारख्या आहेत हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी सासरे एका फटक्यानं हरले. मी माफी मागायला पुढे झालो, तर ते डॉक्टरचा हात हातात घेऊन म्हणत होते, "पुढच्या वर्षी परतफेडीचा सामना. हरलेल्यानं बोलावलं की जिंकलेल्याला यावंच लागतं."

"असा कुठे नियम आहे?"

"आहे. चष्मा लावून वाच."

डॉक्टर येतो म्हणाला. नाक ओढत म्हणाला, पण म्हणाला.

गाडीत सासरे माझ्या शेजारी पुढे बसले. एरवी ते मागे बसायचे. थोड्या वेळानं पिशवीतून एक काठी ओढून तिच्या डोक्यात बघत त्यांनी हळूच केस सारखे केले. मी बघतोय हे लक्षात आल्यावर काठी आत सरकवली आणि म्हणाले, "समोर बघ, समोर. चमक राहू दे. पण मुठींना परत पट्ट्या लावायच्या, आणि त्या तूच लावायच्यास. प्रत्येकीला वेगळा रंग. समजलं?"

"समजलं, बाबा."

मी लगेच कामाला लागलो. पण लाल, हिरवा, पिवळा म्हणजे फारच भडक हो. त्या रुपेरी डोक्यांवर ते रंग अंगावर येतात. म्हणून मी दुकानातून जांभळ्याच्याच छटा निवडून आणल्या आहेत: फिका जांभळा, थोडा फिका जांभळा, जरासा गडद जांभळा. प्रत्येक रंग वेगळा आहे. आता पट्ट्या गुंडाळून झाल्या आहेत आणि काठ्या इतक्या देखण्या दिसतायत की विचारू नका.

बाबा अजून चष्मा शोधतायत, तोवर मी जरा बाहेर जाऊन येतो.