तांबड्या गाडीस चाके निवडिली, त्याची हकीकत

श्री. दशदिशांचे स्वामी सावध असोत, वळणावर वाट न सुटो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, त्या साली सरकारच्या तांबड्या गाडीस चाके व टायर निवडण्याचा प्रसंग जाहला. पुसणारांनी पुसिले की, चार चाकांचा एवढा खल कशास, तर त्याची हकीकत ऐसीजे.

राज्य बहुत जुने, नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. महाराज पन्नाशीचे, प्रकृतीने शांत. महाराज जेवावयास बसले तर आठ माणसे उभी, निजले तरी चार उभी, आणि शिंकले तर तीन दालनांतून "जी महाराज" होई. मग महाराजांनी एक दोन आसनांची तांबडी गाडी घेतली, बुटकी, जमिनीस पोट लागेल ऐसी, आणि तीत गुण हा निघाला की छत्रीवाला मावेना, चवरीवाला मावेना, दिवाण त्र्यंबकपंत एकदा हौसेने बसले तो त्यांस बाहेर काढावयास दोन शिपाई लागले. तेव्हांपासून महाराज एकटेच बसू लागले. सरहद्दीच्या माळावर शर्यतीचा वळणावळणांचा रस्ता बांधिला होता, तेथे महिन्याकाठी एक दिवस शौकीन मंडळी आपापल्या गाड्या पळवीत, तेथे महाराजही जाऊ लागले आणि डोईस हेल्मेट घालू लागले. हेल्मेटामुळे मुजरा कोणास करावा हे लोकांस उमजेना. तो एक दिवस महाराज सुखी असत, हे राणीसाहेबांखेरीज कोणास ठाऊक नव्हते.

ऐसे असता दिवाळीत राणीसाहेबांचे धाकटे बंधू उदाजीराव भाऊबीजेस आले आणि भर पंगतीत बासुंदी ओरपीत बोलिले, "दाजी, तुमची तांबडी दिसायला नवरी, पण पळायला वरमाय हो!" पंगत हसली. महाराजांस राग आला, तो त्यांनी घासाबरोबर गिळावा तर बोलून गेले, "मार्गशीर्षात या माळावर. एक फेरी तुमची, एक आमची. घड्याळ सांगेल ते खरे. हरलो तर तांबडी तुमची." पंगतीत निघाला शब्द, तो माघारा घेता येईना. रात्री राणीसाहेब बोलिल्या, "गाडी पणाला लावलीत? आणि माझ्या भावाशी? अहो, त्याला आयुष्यात गाडीच तेवढी चालवता येते." महाराजांस रात्रभर झोप आली नाही. गाडी गेली तर जगात एकटे बसण्यास जागा उरत नव्हती.

मग दुसरे दिवशी गाडी पाहिली तो टायर झिजून गुळगुळीत, आणि चाके मूळचीच, बोजड. नवी घेणे प्राप्त. महाराजांनी नमुने मागविले आणि गाडीखान्याचे दार आतून लाविले, कारण राजाने वजन उचलणे रिवाजास मंजूर नाही. मग थोरले सोनेरी चाक छातीशी धरिले तो गुडघे वाकले, आणि धाकटे राखाडी चाक उचलिले तो एका हातात आले. महाराजांनी मनात ताडिले की जे मला जड, ते इंजिनास फिरविण्यास जड आणि ब्रेकास थांबविण्यास त्याहून जड. मग टायर नखाने दाबून पाहिले. एकावर नख मोडे, एकावर नखाची खूण उठे. मऊ तो लवकर झिजेल परंतु रस्ता सोडणार नाही, ऐसे ठरविले. तेव्हां राखाडी चाके आणि चारही मऊ टायर, एकजातीचे, हा निश्चय जाहला आणि महाराज हात धुऊन बाहेर आले.

परंतु राज्यात चाकांस मानकरी होते. पूर्वी रथ होता, त्याच्या चार चाकांचा मान चार घराण्यांस वंशपरंपरा दिलेला. रथ मोडला, मान राहिला. ज्याचे चाक त्याने निवडावे, ऐसा दंडक. दरबार भरला. पुढल्या उजव्या चाकाचे मानकरी शिदोजीराव उठले आणि बोलिले, "आमच्या चाकाला टणक टायर घालू. नातवंडांच्या लग्नापर्यंत बघायला नको." पुढल्या डाव्याचे बाळोजीराव बोलिले, "टणक? आणि पाऊस आला म्हणजे? आमच्या चाकाला खोल खाचांचा हवा." "मार्गशीर्षात कुठला पाऊस, बाळोजी?" "आभाळ काय तुम्हाला विचारून गळतं का?" मागल्या दोन चाकांचे मानकरी सख्खे भाऊ, थोरले निंबोरे व धाकटे निंबोरे, बोलणे बंद, ते दिवाणजींच्या तोंडून बोलत. थोरले बोलिले, "पंत, सांगा त्यांना, आमचं चाक सोनेरी, सर्वांत मोठं." धाकटे बोलिले, "पंत, त्यांना सांगा, ते आणतील त्याहून आमचं बोटभर मोठंच असेल." दिवाणजींनी दोहोंकडील अर्थ दोहोंस कळविला. महाराजांनी मनात गाडी उभी करून पाहिली, तो ती मागून तिरपी, पुढून दोन मतांची. हुकूम करावा तर चार घराणी रुसणार आणि रुसलेली घराणी लग्नकार्यातही जेवत नाहीत. मग महाराज बोलिले, "मानाची चाके धुळीत फिरवावी, हे आमच्या मनास येत नाही. चौघांनी निवडिली ती चाके पालखीत बसतील आणि गाडीपुढे मिरवत माळापर्यंत जातील. गाडीखाली काय, कोणतीही साधी घालू." हे ऐकून चौघांचे डोळे पाणावले. थोरले निंबोरे तर धाकट्याशी थेट बोलिले, "पालखीत आमचं चाक पुढं."

नेमल्या दिवशी पालखी निघाली, तीत चार तऱ्हेची चार चाके आणि वर झेंडूच्या माळा, आणि मागाहून तांबडी गाडी राखाडी चाकांवर मुकाट गेली. उदाजीराव आधीच हजर, त्यांच्या गाडीस आरशासारखी थोरली चाके, भांग पाडावा ऐसी. ते बोलिले, "दाजी, तुमची चाकं पालखीत आणि तुम्ही कशावर आलात?" महाराज हसले आणि टायरांतील हवा थोडकी कमी करविली, कारण धावता धावता टायर तापतो आणि आतील हवा फुगते. उदाजीरावांची फेरी आधी जाहली, गाडी गरजत गेली, शेवटल्या वळणास आरशासारखी चाके बाहेर घसरली, तरी वेळ उत्तम आली. मग महाराज निघाले आणि मोजणीपूर्वीची फेरी हळू घेऊ लागले, तो मानकरी घाबरे जाहले. "महाराज असे रमतगमत का?" "टायर तापवताहेत म्हणे." "टायर? इथं आम्ही तापलो!" मग मोजणीची फेरी लागली. महाराजांस हातात चाक, पायाखाली रस्ता आणि कानांत इंजिन एवढेच राहिले, राज्य आठवेना. शेवटल्या वळणास गाडी बाहेर ओढू लागली, टायर किंचाळले, महाराजांनी पाय किंचित सैल केला आणि मऊ टायरांनी रस्ता धरिला तो सोडिला नाही. घड्याळवाल्याने कांटा पाहिला, पुन्हा पाहिला आणि महाराजांचे नाव पुकारिले. पापणी लवे एवढे अंतर. उदाजीरावांनी येऊन मिठी मारिली आणि बोलिले, "दाजी, वरमाय पळाली की!"

फत्ते जाहली, नगारे वाजले, महाराज गाडीत बसून एकटेच घरी निघावे म्हणतात, तो चारही मानकरी वाटेत आडवे. शिदोजीराव हात जोडून बोलिले, "महाराज, ज्या चाकांनी राज्याची अब्रू राखली ती आता साधी राहिली नाहीत, आणि जिंकल्या गाडीपासून ती काढणं म्हणजे मानभंग. मानाची चाकं धुळीत फिरवू नयेत, हा महाराजांचाच दाखला." बाळोजीराव बोलिले, "दप्तरी चढलासुद्धा." महाराजांनी दिवाणजींकडे पाहिले, दिवाणजींनी भूमीकडे पाहिले. आपला शब्द मोडावा तर पालखीचे ढोंग उघडे पडते. मग गाडी भोयांनी उचलून नेली, वाड्याच्या चौकात चौथरा बांधून त्यावर ठेविली, वर छत्र धरिले, दोहों बाजूंस चवऱ्या, आणि महाराज जवळ गेले की आठ माणसे उभी राहू लागली.

पुढे संक्रांतीस उदाजीराव तिळगूळ घेऊन आले आणि चौथऱ्यासमोर महाराजांच्या शेजारी उभे राहिले. गाडीवर धूळ नव्हती, टायरांस हळदकुंकू होते. उदाजीराव हळूच बोलिले, "दाजी, हरला असतात तर बरं झालं असतं. माझ्याकडं असती, तर येऊन चालवली तरी असतीत."  महाराजांनी तिळगूळ तोंडात टाकिला आणि चवरीवाल्यास, जरा सावकाश ढाळ, ऐसे सांगितले.

एणेप्रमाणे चाकांची हकीकत. चाके हलकी घ्यावी, टायर चारही एकजातीचे घ्यावे, हवा बेताची भरावी, पैज जिंकावी आणि जिंकल्याचे घरी सांगू नये. लेखनसीमा.